गुरुवारचे पाणी

३ मार्च, सोमवार

आज सकाळी टाकीतील तिसरा मासा मेला. ‘गेला’, ‘वारला’ असले शब्द माशासाठी वापरू नयेत, असे माझे मत आहे. तरीही त्याला जाळीने उचलून गॅलरीतल्या कुंडीत पुरताना ‘मेला’ हा शब्द मला मोठ्याने उच्चारवला नाही.

उरले दोन. एक लहान, काळा, बिननावाचा. दुसरी जुनी, नारिंगी, तळहाताएवढी गोल्डफिश. माझी पत्नी तिला ‘आत्याबाई’ म्हणत असे. कारण घरात कोणीही आले, तरी ती काचेशी येऊन त्याला आपादमस्तक न्याहाळते. आत्याबाई या घरात बारा वर्षे आहे. तिला कोणी आणले, हे येथे नोंदवण्याचे कारण नाही.

पत्नीला जाऊन साडेतीन महिने झाले. जाण्यापूर्वी रुग्णालयात तिने मला एकच गोष्ट दोनदा सांगितली : “टाकी बंद करू नका.” मी ‘नाही’ म्हणालो. त्या ‘नाही’चा अर्थ ‘बंद करणार नाही’ असा होता, हे तिला कळले असावे. मी पूर्ण वाक्य बोलायला हवे होते.

टाकीतले पाणी दुधाळ झाले आहे. आत्याबाई वर येऊन तोंडाची उघडझाप करते. आजपासून रोजची नोंद ठेवणार आहे. चाळीस वर्षे मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो आणि अजूनही दर गुरुवारी दोन ते पाच या वेळात अखेरची मुद्रिते वाचायला जातो. नोंद ठेवल्याशिवाय चूक सापडत नाही, एवढे मला ठाऊक आहे.

४ मार्च, मंगळवार

माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार स्थूल आणि दमेकरी आहे, आणि वाक्य कोठे संपवावे हे त्याला श्वास संपल्यावरच समजते. त्याचे बोलणे त्याच्याच भाषेत उतरवतो. त्यातील चुका माझ्या समजू नयेत.

“काय केलंत काय टाकीला, आजोबा?”

“मी आपला आजोबा नव्हे. फिल्टरमधला स्पंज धुतला.”

“कशात?”

“नळाखाली. पांढरा होईपर्यंत. मग उन्हात वाळवला.”

त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. “अहो, मळ नव्हता तो! तेच तर काम करत होतं. बारीक जीव असतात त्यात, डोळ्यांना दिसत नाहीत, माशांची घाण खातात. वर्षानुवर्षं जमलेले. तुम्ही जिवंत होतं तेवढं सगळं धुऊन टाकलंत, आणि ठेवलंत काय, तर नुसता फोम!”

“मला अस्वच्छता सहन होत नाही.”

“तुम्हाला नाही होत हो. माशांना विचारलं का कुणी?”

त्याच्या मते आता एका फिल्टरवर भागणार नाही. जोडीला दुसरा हवा. “म्हणजे कसं, एक आजारी पडला की दुसरा घर चालवतो. नवराबायकोसारखं.” एवढे बोलून तो स्वतःच हसला, मग खोकला. त्याला माहीत नाही. मीही सांगितले नाही.

पर्याय तीन. एक, मागच्या काचेवर टांगायचा, पाणी धबधब्यासारखे सोडणारा. दुसरा, खालच्या कपाटात ठेवायचा बंद डबा. आवाज नाही, आणि तीन महिने कोणी हात लावायला नको. तिसरा, साधा स्पंज. हवेच्या पंपावर बुडबुडे काढत चालणारा, आणि दर आठवड्याला टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हाताने पिळावा लागणारा. तो टाकीचे माप घेऊन यायला म्हणाला. तोवर खाद्य बंद, आणि एक दिवसाआड थोडे थोडे पाणी बदलायचे.

माझा कल अर्थातच दुसऱ्याकडे आहे. बंद, निःशब्द, नीटनेटका.

६ मार्च, गुरुवार

घडलेले घडले तसे लिहितो.

काल पाणी बदलताना माझ्याने दुसरी बादली उचलवली नाही. त्यामुळे पातळी काचेवरच्या काळ्या पट्टीच्या खाली दोन बोटे राहिली होती. आज सव्वापाचला छापखान्यातून परतलो, तेव्हा पाणी बरोबर पट्टीवर होते.

पाण्याची वाफ होते, हे मी शाळेत शिकलो. वाफेचे पाणी होऊन ते परत टाकीत येते, असे कोणी शिकवल्याचे स्मरत नाही.

खुंटीवरचा टाकीचा पंचा ओला होता. पत्नीचे लाकडी स्टूल भिंतीपाशी असते; ते टाकीसमोर, डावीकडे होते. ती तेथेच बसत असे. बहुधा सकाळी मीच सरकवले असेल. पंचाही मीच ओला केला असेल. वय झाले आहे.

घराच्या किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात असते. दुसरी पत्नीच्या पर्समध्ये, आणि पर्स कपाटात आहे. ती मी अजून उघडलेली नाही.

७ मार्च, शुक्रवार

टाकीच्या कडेला दोऱ्याने टांगलेली पत्नीची वही आज प्रथमच नीट वाचली. त्रोटक नोंदी आहेत. ‘सोम. मी खाद्य दिले.’ ‘बुध. मी काच पुसली.’ शुद्धलेखन बरे आहे. माझ्या सहवासाचा एवढा परिणाम झाला म्हणायचा. परंतु मध्येच ‘आम्ही’ येते. ‘गुरु. आम्ही पाणी बदलले. तीन बादल्या.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा, ‘गुरु. आम्ही स्पंज पिळला. आत्याबाई रुसली.’

ती एकटीच असे, तेव्हा हा सरळ वचनदोष आहे. आणि अनेकवचन लिहायचेच होते, तर ‘आपण’ का नाही? ‘आपण’मध्ये ऐकणारा येतो, ‘आम्ही’मधून तो वगळला जातो, हा भेद फार थोड्या भाषांच्या वाट्याला आला आहे. ही वही वाचू शकणारा या घरात मी एकटाच होतो.

सवयीने लाल पेन्सिल हातात आली. पहिल्या चार पानांवरच्या ‘आम्ही’ला वर्तुळ करून समासात ‘मी’ लिहिले. मग चष्म्यावर पाणी आल्यासारखे वाटले, म्हणून थांबलो.

१० मार्च, सोमवार

पाणी तसेच आहे. आत्याबाईच्या शेपटीला लाल रेघा दिसतात. काळा मासा तळाशी पडून असतो, जिवंत आहे. टाकीचे माप घेतले : तीन फूट, सव्वा फूट, दीड फूट.

जिन्यात समोरच्या बाई भेटल्या. त्या जानेवारीत राहायला आल्या आहेत.

“काका, एक विचारू? राग नाही ना येणार?”

“विचारल्यावर ठरवता येईल.”

“गुरुवारी दुपारी तुमच्याकडे कोण असतं? माझा बाळ झोपलेला असतो ना, तर बादल्यांचा आवाज येतो. आणि एक बाई बोलत असतात. म्हणजे एकट्याच. मध्येच हसतात पण.”

“ती माझी पत्नी,” मी म्हणालो.

“हो का? कधी दिसल्या नाहीत त्या. बादली जरा हळू ठेवायला सांगाल का त्यांना?”

“सांगतो,” मी म्हणालो.

घरी येऊन पंधरा मिनिटे बूट न काढता बसलो. ‘ती माझी पत्नी’ या वाक्यात क्रियापद अध्याहृत आहे. ते ‘आहे’ होते की ‘होती’, हे बाईंनी विचारले नाही. विचारले असते, तर मला सांगता आले नसते.

१३ मार्च, गुरुवार

छापखान्यात आज एका पानावर तीन चुका माझ्या नजरेतून सुटल्या. तेथील कंपोझिटर म्हणाला, “साहेब, तब्येत बरी आहे ना? तुमच्याकडून एक सुटली तर आम्ही तारीख लिहून ठेवतो.”

सव्वापाचला परतलो. कुलूप नेहमीप्रमाणे. आत अंधार नव्हता. टाकीतला दिवा लावलेला होता. मी दिवसा दिवा लावत नाही.

पट्टीपर्यंत पाणी. पंचा ओला. स्टूल डावीकडे. टाकीच्या कोपऱ्यात, जुन्या फिल्टरला चिकटून, स्पंजचा एक तपकिरी, बुळबुळीत तुकडा खोचलेला होता. तो आमच्या घरातला नाही. आणि वही भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती. माझी लाल वर्तुळे भिंतीकडे होती.

दोन्ही मासे डाव्या कोपऱ्यात पुढच्या काचेशी थांबले होते. पत्नी खाद्य देण्यापूर्वी तेथे नखाने दोनदा टकटक करीत असे. मी केले, तर ते कधी येत नाहीत. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या शेजारी, खांद्याच्या उंचीवर, कोणी उभे असल्यासारखे तिकडे पाहत होते.

मी म्हणालो, “बादली हळू ठेवत जा. समोर बाळ झोपते.”

मोठ्याने म्हणालो. शेजाऱ्यांना दिलेला शब्द पाळायलाच हवा.

१५ मार्च, शनिवार

पाणी किंचित निवळले आहे. आत्याबाई खाली उतरून गोटे चाचपू लागली.

त्या तपकिरी स्पंजचा एक कोपरा कापून, टाकीच्याच पाण्यात बुडवून, बरणीतून दुकानात नेला. दुकानदाराने बरणी उजेडात धरली आणि त्याचा चेहरा उजळला.

“वा! पिकलेला माल आहे हा. चालत्या टाकीतला. याच्यानेच वाचले हो तुमचे मासे. ताईंनी दिला ना?”

“कोणी?”

“ताईंनी हो, तुमच्या घरच्या. दर गुरुवारी तुमच्याकडे जाताना इथे डोकावतात. परवाच येऊन गेल्या. त्याच्या आदल्या गुरुवारीच मी सांगितलं होतं, आजोबांनी स्पंज धुतला नळाखाली! हसल्या की. म्हणाल्या, ‘धुणारच. त्यांना डाग दिसला की राहवत नाही.’”

माझ्या पत्नीला तो ‘ताई’ म्हणत असेल. त्याच्या वयाला ते शोभते. परंतु परवा? माझी पत्नी नोव्हेंबरच्या अठरा तारखेला गेली. मी काउंटरची कड धरून उभा राहिलो. कोणत्या ताई, असे विचारले नाही. विचारले असते, तर उत्तर मिळाले असते.

“मग काय ठरलं? डबा देऊ?” तो म्हणाला. “तुमच्यासाठी बेस्ट. तीन महिने बघायला नको. कुणाच्या येण्याजाण्यावर अवलंबून नको.”

विचार करून सांगतो, असे म्हणून निघालो.

१७ मार्च, सोमवार

विचार केला. तो येथे लिहितो, कारण तो मला आवडलेला नाही.

बंद डबा बसवला, तर गुरुवारी या घरात कोणाचेही काम उरणार नाही. पाणी आपोआप स्वच्छ राहील. पंचा कोरडा राहील. स्टूल भिंतीपाशी राहील. मी सव्वापाचला येईन आणि सर्व काही मी ठेवले तसेच असेल. आयुष्यभर मला हेच हवे होते.

आज दुपारी त्या कल्पनेने मला भीती वाटली.

आणखी एक गोष्ट लिहायची टाळत आलो आहे. आम्हाला एक मुलगी आहे. आत्याबाईला तिनेच पाण्याच्या पिशवीतून, बसमध्ये मांडीवर धरून आणले होते. पुढच्याच वर्षी तिने स्वतःच्या मनाने घर सोडले, आणि दोन महिन्यांनी मला चार पानांचे पत्र लिहिले. त्यात तेवीस चुका होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि पत्र तिला परत पाठवले. मजकुराबद्दल एक अक्षरही लिहिले नाही. ते मी सौजन्य समजत होतो. त्याला अकरा वर्षे झाली. दुसरे पत्र आले नाही.

पत्नी मला त्याबद्दल कधी बोलली नाही. एवढेच झाले की त्यानंतर तिने माझ्याकडून कोणतेही पत्र, अर्ज किंवा यादी तपासून घेतली नाही.

मुलगी लहान असताना शाळेतून येऊन दारातून ओरडायची, “मी आली!” मी आतून म्हणायचो, “कोण आली? ‘मी’ असेल तर ‘आले’ म्हणावे.” ती ‘मी आले’ म्हणेपर्यंत मी दार उघडत नसे. एकदा ती पाऊण तास पायरीवर बसून राहिली. शेवटी दार तिच्या आईने उघडले.

१८ मार्च, मंगळवार

साधा स्पंज आणला. दुकानदार म्हणाला, “आजोबा, हा दर आठवड्याला पिळायला लागेल बरं. तुमचा हात तर थरथरतो.”

“म्हणूनच,” मी म्हणालो.

त्याला समजले नाही. मला ‘आजोबा’ म्हटलेले आज खटकले नाही, हेही नोंदवतो.

२० मार्च, गुरुवार

निघण्यापूर्वी वहीतील लाल वर्तुळे रबराने खोडली. पूर्ण गेली नाहीत. गुलाबी वळ राहिले. नवा स्पंज टाकीशेजारी ठेवला, बसवला नाही. वहीत शेवटच्या नोंदीखाली लिहिले :

‘दुसरा फिल्टर आणला आहे. दोन्ही स्पंज एकाच दिवशी धुऊ नयेत, असे समजले. मला हा बसवता येत नाही.’

हे सर्वस्वी खरे नाही. बसवता आला असता.

छापखान्यात तीन तास घड्याळ वाचले.

परतलो, तेव्हा जिन्यातच आवाज ऐकू आला, नवा, हलका, बुडबुड असा. आत कोणी नव्हते. स्पंज कोपऱ्यात बसवलेला होता, नळी नीट चिकटवलेली. वहीत माझ्या ओळीखाली एक ओळ होती :

‘गुरु. आम्ही नवीन फिल्टर बसवला. पाणि तीन बादल्या.’

अक्षर पत्नीचे. तोच अर्धवट उघडा ‘ब’, तीच शेवटी खाली घसरणारी ओळ. मी तिच्या स्टुलावर बसलो. ते अजून ओले होते.

मग मी ती ओळ पुन्हा वाचली, मुद्रिते वाचतो तशी, अक्षर अक्षर वेगळे करून. ‘पाणि.’ णि ऱ्हस्व.

माझी पत्नी ‘पाणी’ कधीही चुकली नाही. अक्षर आईकडून मुलीकडे येऊ शकते; चूक मात्र ज्याची त्याची असते. त्या पत्रात दुसऱ्या पानावर, तेविसांतील सातवी चूक हीच होती. ‘इथले पाणि मला मानवत नाही, बाबा.’

तेव्हा मी णि दीर्घ केला होता. पाणी का मानवत नाही, हे विचारले नव्हते.

२१ मार्च, शुक्रवार

पत्नीची पर्स उघडली. चष्मा, रुमाल, बसची दोन तिकिटे. किल्ली नाही.

वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. ‘आम्ही’ फक्त गुरुवारी येते. अकरा वर्षांत, पत्नी रुग्णालयात जाईपर्यंत, एकही गुरुवार चुकलेला नाही, आणि इतर एकाही वारी ‘आम्ही’ नाही. जी इतकी नियमित असते, तिला चूक म्हणत नाहीत. मी दर गुरुवारी घराबाहेर पडत होतो, आणि या घरात दोघीजणी पाणी बदलत होत्या.

पण कालची ओळ? काल ती एकटी होती. बाई म्हणाल्या तसे, एकटीच बोलते, मध्येच हसते. तरीही लिहिताना तिने ‘आम्ही’च लिहिले. मुलगी आली होती, हे मला कळते. दुसरे कोण होते, ते लिहायला माझा हात धजत नाही. मासे डाव्या कोपऱ्यात पाहत आहेत.

२७ मार्च, गुरुवार

छापखान्यात निरोप पाठवला की येणार नाही. कंपोझिटरने बहुधा तारीख लिहून ठेवली असेल.

दोन वाजून वीस मिनिटांनी कुलपात किल्ली फिरली. दार चार बोटे उघडले आणि थांबले. मी घरात असलो की आतून साखळी लावतो. पन्नास वर्षांची सवय, आज मोडायला हवी होती, मोडली नाही.

फटीतून एक हात दिसत होता. त्यात पिशवी, पिशवीत टाकीसाठी काहीतरी. हात तसाच राहिला. बाहेर श्वासाचा आवाज होता. साखळी आहे, म्हणजे मी आहे, हे तिला कळले असणार.

मग बाहेरून, मोठ्या बाईच्या आवाजात, अगदी सावकाश :

“मी आली.”

माझे तोंड उघडले. जिभेवर काय होते, ते मला ठाऊक आहे, आणि ते तिलाही ठाऊक होते. ती त्याचीच वाट पाहत होती. मी ते गिळले.

“ये,” मी म्हणालो.

पण साखळी काढायची, तर दार आधी पूर्ण लावावे लागते. तिच्या तोंडावर दार आणखी एकदा लावल्याशिवाय मला ते उघडता येणार नव्हते. तिने पायरी उतरल्याचा आवाज आला, असे मला वाटले. मी ओरडलो. जे ओरडलो, ते जसेच्या तसे लिहितो. त्यातील चुका माझ्या आहेत :

“जाऊ नको गं, थांब, लावतोय ते उघडायलाच लावतोय, बाळा, साखळी आहे ही, हात थरथरतो माझा—”

दार लावले. साखळी दोनदा निसटली. तिसऱ्या खेपेस निघाली.

ती होती. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. ती माझ्याकडे न पाहता आत आली, चप्पल तिच्या आईच्या जागेवर काढली आणि सरळ टाकीपाशी गेली. नखाने काचेवर दोनदा टकटक केले. मासे आले.

“बघत काय उभे राहिलात?” ती म्हणाली. “बादली आणा. हळू ठेवा, समोर बाळ झोपतं.”

मी बादली आणली. हळू ठेवली. तिने जुना स्पंज काढला आणि टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीवर माझ्या हातात दिला. मी पिळला. तपकिरी ढग निघाला. “बास,” ती म्हणाली. “तेवढंच. बाकीचं राहू दे.”

अर्ध्या तासाने ती गेली. पुढच्या गुरुवारबद्दल ती बोलली नाही.

जाताना तिने वहीत लिहिले. ती जिना उतरेपर्यंत मी वाचले नाही. आता येथे उतरवून घेतो आहे, अक्षराला अक्षर :

‘गुरु. आपण पाणि बदलले. तीन बादल्या.’